दाराची वरची तार

प्रिय दादा,

आधी एक गंभीर तक्रार नोंदवून घे. गेले चार दिवस माझाच फोन मला ओळखत नाही. मी उजवा अंगठा टेकवते, तो सांगतो, पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा प्रयत्न करते. पाचव्या वेळी तो रुसतो आणि आतून कडी लावून बसतो. कारण माझ्या अंगठ्याला पट्टी आहे, पट्टीखाली भोक आहे आणि त्या भोकात परवापर्यंत केसाएवढा स्टीलचा काटा होता. दवाखान्यातल्या नर्सनं भिंगातून बघत तो उपसून काढला आणि दुर्मीळ किडा सापडल्यासारखा मला दाखवला. जॅमच्या बाटलीचं झाकण फिरत नाही, शर्टाचं वरचं बटण लागत नाही आणि अक्षराचं काय झालंय ते तू बघतोच आहेस. एका मध्यमवयीन, करदात्या, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या बाईवर ही वेळ यावी, याची कुणीतरी दखल घ्यायला हवी. तू घे. काटा तुझा आहे.

ई-मेल का केली नाही म्हणशील, तर तुला ई-मेल केली की तू ती जिन्यावरून उतरता उतरता वाचतोस आणि खाली पोचायच्या आत 'ओके, बघतो' असं उत्तर पाठवतोस. हे पत्र बसून वाच. वहिनीला म्हणावं, अर्धा तास आत कुणाला सोडू नकोस.

तर, तुझ्या आज्ञेप्रमाणे बोटीच्या कठड्याच्या तारा बदलायला घेतल्या. बोट विकायची हे तू ठरवलंस, गिऱ्हाईक तू आणलंस, त्याचा तपासनीस तू पाठवलास, आणि त्यानं यादीत पहिल्याच ओळीत 'कठड्याच्या तारा ताबडतोब बदला' असं लिहिल्यावर तुला आठवण झाली की आपली एक धाकटी बहीण बोटीपासून वीस मिनिटांवर राहते. 'दोन दिवसांचं काम आहे, टाचणे, करून टाक. जुन्या तारा तपासत बसू नकोस. कटरनं तोड, गुंडाळ आणि सरळ भंगारात दे.' तुझी ई-मेल मी शब्दन् शब्द उतरवलीय. पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, किती काळजी करतो बहिणीची! हात काळे व्हायला नकोत म्हणून सांगतोय. चाळिशी उलटून इतकी वर्षं झाली, तरी तुझ्याबद्दलचा माझा पहिला विचार चांगलाच असतो. ही खोड आता मोडायला हवी.

तू आयुष्यात एकदा जरी स्वतःच्या हातानं तार बदलली असतीस ना, तर ही आज्ञा अशी दिली नसतीस. जुनी तार फेकून नवी बसवता येत नाही. बोटीच्या कडेनं मांडीएवढे उंच खांब, त्यांच्यातून ओवलेल्या दोन तारा, एक वर, एक खाली. प्रत्येक दोन टोकांमधलं अंतर वेगळं, आणि ते फक्त जुन्या तारेलाच माहीत. म्हणून जुन्या तारा उतरवायच्या, साफ करायच्या, तारवाल्याच्या लांब बाकावर सरळ ताणून ठेवायच्या आणि त्यांच्या शेजारी नवी तार कापायची. जुनी तार हेच नवीचं माप. तारवाल्याला मी तुझा निरोप सांगितला तेव्हा दोरीनं गळ्यात लटकवलेला चष्मा त्यानं डोळ्यांवर चढवला आणि म्हणाला, "फेकून द्या म्हणाले? मग मी काय अंदाजानं कापू? ताई, हा पायजमा नाही, की थोडा ढगळ झाला तरी चालेल."

म्हणून मी तारा उतरवल्या. नऊ तारा, प्रत्येकीवर क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. आणि त्यांच्यावरची ती तुझी सुंदर, पांढरीशुभ्र प्लास्टिकची नळी चाकूनं सोलायला लागले. पहिल्याच तारेला आतून तपकिरी पाणी निघालं. नळीच्या आत पाणी वर्षानुवर्षं कोंडून बसलं होतं आणि तार आतल्या आत पिठासारखी झाली होती. बाहेरून मात्र लग्नघरासारखी सफेदी. तारवाल्यानं टोकाची कडी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, असल्या कड्या तीस वर्षांत कुणी बनवलेल्या नाहीत, या तारा बोटीच्या जन्मापासूनच्या आहेत. मी म्हटलं, शक्य नाही, आठ वर्षांपूर्वी माझ्या भावानं सगळ्या बदलल्या. त्यानं फक्त माझ्याकडे बघितलं, डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं.

आठवतंय ना? तू चार दिवसांची रजा काढून आला होतास. मी बाजारातून परत आले तर बोट नवरीसारखी सजलेली. बाबांनी कठड्यावरून हात फिरवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "याला म्हणतात काम." मला ते इतकं झोंबलं की मी दोन दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, कारण मी गेली सोळा वर्षं त्या बोटीचा तळ घासत होते आणि मला कधी 'बरं झालंय' याच्या पुढचं काही मिळालं नव्हतं. तू तारा बदलल्याच नव्हत्यास. तू उभी चीर असलेली नळी विकत आणलीस, कुजक्या तारांवर मोज्यांसारखी चढवलीस आणि कौतुक घेऊन परत गेलास. बाबांचा नियम होता, ज्यानं तार बसवली त्यानं आधी टेकायचं. पाठ पाण्याकडे, पाय डेकवर, पूर्ण वजन मागे. बाबा तुला म्हणालेही, टेक. तुला नेमका त्याच क्षणी फोन आला. तू बोलत बोलत धक्क्यावर उतरलास आणि मग बाबाच टेकले. त्या दिवशी तार टिकली. तुझं नशीब नेहमी असंच वेळेवर येतं.

आता दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. वारा नव्हता, पाणी ताटासारखं सपाट. तू सुकाणूवर, मी खाली केबिनमध्ये चहा गाळत होते, बाबा दाराशी दोरी गुंडाळत बसले होते. दार म्हणजे कठड्यात चढण्या-उतरण्यासाठी सोडलेली ती जागा, जिथे दोन्ही तारांना काढता-लावता येणारे आकडे आहेत. बाबा वरच्या तारेला पाठ लावून बसले होते, पन्नास वर्षं बसत आले तसे. मी धप्प असा आवाज ऐकला आणि त्याच्या पाठोपाठ तुझी आरोळी. बाबा कडेला बांधलेल्या छोट्या होडीच्या काठावर आपटून पाण्यात गेले होते, गळपट्टीचं हाड मोडलं होतं, आणि तू एकच गोष्ट ओरडत होतास. 'बाबांना धर' नाही, 'दोर टाक' नाही. "आकडा उघडा होता! आकडा लावलाच नव्हता!" माणूस पाण्यात असताना इतक्या झटपट निकाल देणारा न्यायाधीश मी दुसरा पाहिलेला नाही.

पुढचं सगळं तुझ्याच हुशारीनं पार पडलं. दवाखान्यात बाबा शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होते, आकडा मी लावला होता. तू त्यांचा हात हातात घेऊन, किती गोड आवाजात, म्हणत होतास, "असू दे हो बाबा, होतं या वयात." मग तू त्यांना त्या स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलंस. डॉक्टरनं कागद दिला आणि म्हणाला, घड्याळ काढा, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. बाबांनी विचारलं, भरतीच्या दिवशीचे की ओहोटीच्या? ते डॉक्टरची फिरकी घेत होते, दादा. तुला ते कळलं होतं, कारण तू खाली मान घालून हसलास. डॉक्टरनं लिहिलं, 'गोंधळलेले'. आणि तू तो कागद घडी घालून खिशात ठेवलास. त्या एका शब्दावर त्यांची गाडी गेली, बोट आपल्या दोघांच्या नावावर झाली आणि ते माझ्याकडे, मागच्या खोलीत आले, जिथल्या खिडकीतून बावीस गाड्या आणि एक कचऱ्याचा डबा दिसतो. पाण्याचा टिपूस नाही. तू वर्षातून दोनदा फळांची करंडी घेऊन येतोस, त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलतोस, जणू ते परदेशी पाहुणे आहेत, आणि जाताना माझ्या खांद्यावर थोपटून म्हणतोस, तू आहेस म्हणून निभतंय.

आता बाकावर ये. दाराच्या दोन तारा, वरची आणि खालची, दोन्ही एकाच दोन खांबांमधल्या, म्हणजे लांबीला सारख्या हव्यात. तारवाल्यानं शेजारी शेजारी ठेवल्या, तर वरची तीन इंच आखूड. आखूड पडलेली फट टोकाला दोरीच्या चार वेढ्यांनी भरून काढलेली. "ही आटली कशी? धुतली होती का?" तो म्हणाला. मधोमध एक फुगवटा होता, पांढऱ्या टेपनं गुंडाळलेला. टेपचं टोक शोधायला मी नख पुढे केलं, आणि नखाची गरज लागली नाही. टोक दुमडलेलं होतं. छोटासा कान ठेवलेला होता.

मी तिथेच स्टुलावर बसले. जगात टेपला असा कान ठेवणारी दोनच माणसं मला माहीत आहेत. एक बाबा, ज्यांनी आपल्याला शिकवलं की टेप लावताना टोक दुमडून ठेवावं, नंतर येणाऱ्याला खरवडत बसायला लागू नये. आणि दुसरा तू. मी तर कधीच ठेवत नाही, त्यावरून बोलणी खाल्लीत. कान धरून टेप ओढली. आत तुटलेल्या तारेची दोन टोकं एकमेकांवर चढवून दोन छोट्या पकडींनी आवळलेली होती. पकडी नव्या कोऱ्या, तार भुगा. त्याच भुग्यातला एक काटा माझ्या अंगठ्यात घुसला. तारवाल्यानं एक पकड चिमटीत धरून फिरवली आणि हळूच म्हणाला, "या माझ्याकडच्याच आहेत. काका पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा भाऊ दोन घेऊन गेला. मी विचारलं काय बांधायचंय, तर म्हणाला, घरी कपडे वाळत घालायला तार लावतोय."

कपडे वाळत घालायला! मी त्या दिवशी दवाखान्यात बाबांना चमच्यानं पाणी पाजत होते आणि तू म्हणालास, "मी बोट आवरून येतो." मी मनात म्हटलं, बघा, एवढ्या गडबडीतही याला बोटीची काळजी. आवरलीस खरी. पुरावा शिवलास, वर पांढरी नळी चढवलीस, टेप गुंडाळलीस, आणि सवयीनं कान ठेवलास.

तू घाबरलास, हे मला समजतं. नळीच्या आत काय आहे ते तुला एकट्यालाच माहीत होतं आणि डोळ्यांसमोर म्हातारा बाप त्याच तारेसकट मागे गेला. त्या क्षणी तोंडातून काय वाटेल ते निघतं. त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या जिन्यात मला सांगितलं असतंस ना, तर मी तुला दोन शिव्या हासडल्या असत्या, मग तुझ्या गळ्यात पडून रडले असते, आणि विषय संपला असता. पण तू दोन वर्षं, दर भेटीत, हसतमुखानं, एका चांगल्या डोक्याच्या माणसाला पटवत राहिलास की त्याचं डोकं गेलंय. कुजलेली तार मी समजू शकते. तिच्यावर रोज फडकं मारणं मला समजत नाही.

आणि थांब, मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. चार दिवस हा अंगठा ठणकतोय आणि त्यामुळेच एक गोष्ट आठवली. बाबांना वर घ्यायला दाराशी मी धावले. वरची तार नव्हतीच, लोंबत होती. खालच्या तारेचा आकडा मी उघडला. याच अंगठ्यानं, खटका दाबून. दार उघडं ठेवणारा माणूस खालचा आकडा लावून फक्त वरचा उघडा ठेवतो का? ते दार बंद होतं, दादा. माझ्या हाताला ते त्याच क्षणी कळलं होतं. डोक्याला मी कळू दिलं नाही. कारण तू म्हणत होतास ते मला सोयीचं होतं. दर रविवारी ते एकटे बोटीवर गेले की माझा जीव टांगणीला लागायचा. विसरभोळा बाप घरात बसतो. मला घरात बसलेला बाप हवा होता.

बोटीची किल्ली आठवते? दवाखान्यात ते झोपले होते, त्यांचा कोट खुर्चीच्या पाठीवर होता. आतल्या खिशातून मी ती काढली. तू म्हणालास म्हणून नव्हे. तू म्हणायच्या आधीच. बाबा आजही घराबाहेर पडताना छातीवर हात ठेवून तो खिसा चाचपतात. तो रिकामा आहे हे त्यांना दोन वर्षं माहीत आहे, आणि त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

मंगळवारी मी ती तार पिशवीत घालून घरी आणली. जेवणं झाल्यावर बाबांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, बाबा, आकडा लावलेला होता. खालचा मीच उघडला. मी दोन वर्षं गप्प बसले. एवढं बोलायला मला स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये सहा खेपा कराव्या लागल्या. मला वाटलं, ते रडतील, नाहीतर रागावतील. त्यांनी चष्मा लावला, पकडी बघितल्या आणि म्हणाले, "स्क्रू उलटीकडून आवळलेत. घाईत केलंय." मग म्हणाले, "मला माहीत आहे गं."

माहीत होतं! अपघातानंतर दोन महिन्यांनी तू त्यांना त्यांचं सामान घ्यायला बोटीवर नेलं होतंस, तो दिवस आठव. ते दहा मिनिटं नुसते दाराशी बसले होते आणि तू घड्याळ बघत होतास. त्यांनी नेहमीसारखा तारेवरून हात फिरवला आणि बोटाला टेपचा कान लागला. त्या दिवसापर्यंत ते येईल त्याला सांगत होते, आकडा मी लावला होता. त्या संध्याकाळपासून म्हणायला लागले, असेल, विसरलो असेन. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं. तुला वाटलं, सुटलो. त्यांनी फक्त हिशेब केला होता की दोघांपैकी एकाला खोटं ठरावं लागणार, आणि स्वतःला पुढे केलं. मी म्हटलं, बाबा, अहो तुम्हाला लोक वेडे समजतात! तर म्हणाले, "समजू देत. तो लहानपणी फुलदाणी फुटली तरी दोन दिवस जेवायचा नाही. हे कळलं तर काय करेल?" आणि वर, वाटीत राहिलेलं दूध पिऊन, काय म्हणाले ऐक. "घाईत होता, पण कान ठेवायला विसरला नाही हो." कौतुकानं म्हणाले, दादा. आजही कौतुक तुझंच. मी ती वाटी इतक्या जोरात घासली की तिचं नक्षीकाम गेलं.

बाबांनी मला बजावून सांगितलंय की त्याला यातलं काही लिहू नकोस. म्हणूनच लिहितेय. या घरात एकमेकांना सांभाळायच्या नावाखाली पुष्कळ नळ्या चढवून झाल्या. विक्रीच्या कागदावर माझी सही नाही आणि होणार नाही. गिऱ्हाइकाला तू काय सांगायचं ते सांग, थापा तुला सुचतातच. आठ तारा मी बसवल्या. उघड्या, चकचकीत, प्लास्टिकशिवाय, काही बिघडलं तर दिसेल अशा. प्रत्येकीला पाठ लावून टेकले, पूर्ण वजन, आणि ते बरंच आहे. नववी, दाराची वरची, कापून, टोकं दाबून केबिनच्या टेबलावर ठेवलीय. ती तुझी. शनिवारी सकाळी अकराला ये; बाबांना मी एवढंच सांगितलंय की शनिवारी बोटीवर जायचंय. दहा मिनिटांचं काम आहे, एक खीळ, एक स्क्रू. मग बाबांच्या समोर पाठ पाण्याकडे करून टेक, आणि फोन वहिनीकडे ठेवून ये. टेकलास की एक वाक्य बोलायचं, 'बाबा, आकडा लावलेला होता.' त्याला ना प्रस्तावना हवी, ना फळांची करंडी. आला नाहीस तर ती तार बाबा बसवतील, त्यांना येते. पण मग ते वाक्य बोलायचं राहून जाईल, आणि ते ऐकायला ते पंच्याहत्तर वर्षांचे आहेत, पंचवीसचे नाहीत. माझं वाक्य बोलून झालं. आज दुपारी ते पेपर वाचताना डुलकी घेत होते, तेव्हा कोट दाराच्या खुंटीला होता. किल्ली मी आतल्या खिशात, काढली होती तिथेच, परत ठेवली. संध्याकाळी फिरायला निघताना त्यांनी सवयीनं छातीवर हात ठेवला. हात तिथेच थांबला. मग बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "शनिवारी भरती किती वाजता आहे गं?"

अजूनही तुझीच (याला माझा नाइलाज आहे),
टाचणी